जुना प्रोसेसर उठायच्या आधी

'अपडेट' या शब्दाची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की त्याची धास्ती उरलेली नाही. रात्री मोबाईल चार्जिंगला लावायचा, सकाळी दहा ॲप अपडेट झालेली असतात. एखादं बिघडलं तर काढून परत टाकायचं. पण कॉम्प्युटरमध्ये एक अपडेट असं आहे की ते सुरू करण्याआधी जाणकार माणूसही एकदा घड्याळाकडे आणि एकदा पंख्याकडे बघतो. पंख्याकडे यासाठी, की वीज आहे ना! ते म्हणजे मदरबोर्डच्या बायोसचं अपडेट. आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर नुकतंच ते केलं. ते करताना जे कळलं ते लिहून ठेवतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बायोस म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या १९७० च्या दशकातल्या प्रणालीतून आलं. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या बोर्डावरच्या चिपमध्ये हा छोटा प्रोग्रॅम कायमचा भरलेला होता. आजच्या बोर्डांवर त्याच्या जागी यूईएफआय असतं, पण दुकानदारापासून इंजिनिअरपर्यंत सगळे त्याला बायोसच म्हणतात.

माझ्या विद्यार्थ्यांना मी ते असं सांगतो. शाळेत सगळ्यांच्या आधी कोण येतं? शिपाई. तो गेट उघडतो, खोल्या उघडतो, पाणी भरलंय का बघतो, बाकं जागेवर आहेत का बघतो. मग हेडमास्तर येतात आणि शाळा त्यांच्या हुकमानं चालू लागते. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की विंडोज येण्याआधी बायोस हेच करतो. मेमरी लागली आहे का, पडदा आहे का, डिस्क कुठे आहे, हे तपासतो आणि मग कारभार विंडोजच्या हातात देतो. शिपाई चार दिवस आला नाही तर काय होतं ते मुलांना चांगलं माहीत आहे.

आता धोका कुठे आहे ते बघा. विंडोज बिघडली तर पेनड्राइव्ह लावून नवी टाकता येते. का? कारण पेनड्राइव्ह वाचायला बायोस शाबूत असतो. पण बायोस बोर्डावरच्या एका नखाएवढ्या फ्लॅश चिपमध्ये राहतो आणि अपडेट करताना त्या चिपमधला जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. पुसून झालं, लिहिणं अर्ध्यावर आलं आणि वीज गेली, तर पुढच्या वेळी पेनड्राइव्ह वाचायलाही कुणी नाही. किल्ल्यांचा जुडगा आत आणि कुलूप बाहेर. काही बोर्डांवर बायोसची दुसरी प्रत असते, काहींवर प्रोसेसरशिवायही बायोस भरता येईल असं बटण असतं. आमच्या स्वस्तातल्या बोर्डावर यातलं काहीच नव्हतं. असा बोर्ड बंद पडला तर चिपवर बाहेरून मजकूर भरणारा कारागीर शोधावा लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी सापडत नाही.

या चिपचा मजकूर पुसला गेला तर काय होतं हे जगानं २६ एप्रिल १९९९ ला पाहिलं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताचीही तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. तो डिस्कवरची माहिती तर उडवायचाच, पण ज्या बोर्डांवर जमेल तिथे बायोसही खराब करायचा. सकाळी बटण दाबलं तर पडदा काळाच.

म्हणून आमच्या हेडमास्तर साहेबांनी जो प्रश्न विचारला तो मला मुळीच चुकीचा वाटला नाही. ते म्हणाले, "जनाब, चल रहा है ना? फिर हाथ क्यों लगाना?" बायोसच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो. नवी आवृत्ती आली आहे एवढ्यावरून ती टाकायची नसते. ती आपल्याला काय देणार आहे आणि ते आपल्याला हवं आहे का, हे आधी विचारायचं.

आम्हाला ते हवं होतं. या एका कॉम्प्युटरवर दहावीचे फॉर्म भरले जातात, शाळेची ऑनलाइन माहिती भरली जाते, उर्दूच्या प्रश्नपत्रिका टाईप होतात आणि मराठीच्याही. त्यात रायझन ३ २२००जी हा २०१८ सालचा प्रोसेसर होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ज्या प्रोसेसरांवर चालते त्या यादीत २२००जी नाही. दुकानदारानं सरळ नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी मेमरी असा हिशोब मांडला. शाळेच्या गल्ल्यात तेवढे पैसे नव्हते. तेवढ्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, मी नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यातला ५६००जी काढून ठेवलाय. तुमच्या बोर्डात बसेल. पाठवू?"

दोन्ही प्रोसेसर एएम४ नावाच्या एकाच सॉकेटचे. खाली त्याच १३३१ पिना. जुन्यात चार कोर, नव्यात सहा. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. आमचा बोर्ड बी४५० जातीचा, तोही २०१८ चा. तो तयार झाला तेव्हा ५६००जी जन्मालाच आला नव्हता, मग बोर्ड त्याला ओळखणार कसा? नवा प्रोसेसर थेट बसवला असता तर पंखा फिरला असता आणि पडदा काळा राहिला असता. बोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख बायोस अपडेटमधून होते, आणि ते अपडेट चालवायला बोर्डाला ओळखीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे जुना अजून खुर्चीत बसलेला असतानाच त्यानं नव्याची ओळख करून द्यायची, आणि मग उठायचं. हा क्रम उलटा चालत नाही.

मदतीला बसलेली नववीतली मुलगी हे ऐकून म्हणाली, "सर, और किसी के पास पुराना न हो तो?" प्रश्न अगदी नेमका होता. २०१८ साली अनेकांची हीच अडचण झाली होती. दुकानातून बोर्ड घेतला, सोबत नवा प्रोसेसर घेतला, पण बोर्डावरचा बायोस जुना. दोघे एकमेकांना ओळखेनात. तेव्हा एएमडी कंपनी अशा ग्राहकांना एक जुना प्रोसेसर काही दिवसांसाठी उसना पाठवायची. अपडेट करा आणि परत पाठवा.

आणखी एक गोष्ट तिला सांगितली. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर ही चिप फक्त १६ एमबीची असे, म्हणजे मोबाईलच्या चार-पाच फोटोंएवढी. तेवढ्यात सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावेना. काही बोर्ड कंपन्यांनी बायोसचा चित्रांनी नटवलेला पडदा काढून साधा ठेवला आणि जागा केली. काहींनी नव्यांना घेताना यादीतल्या काही जुन्यांना वगळलं. मे २०२० मध्ये तर एएमडीनं जाहीर केलं होतं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० सारख्या बोर्डांवर चालणार नाहीत. अडचणींत या चिपच्या आकाराचाही उल्लेख होता. बोर्ड घेतलेल्या लोकांनी इतका आवाज उठवला की त्याच महिन्यात कंपनीनं निर्णय फिरवला. त्या लोकांना आमच्या शाळेची खबर असण्याचं कारण नाही, पण ते गप्प बसले असते तर पुण्याहून आलेला प्रोसेसर आमच्या काही कामाचा नव्हता.

आता काम कसं केलं ते. आधी बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं मॉडेलचं पूर्ण नाव आणि त्यापुढचा रिव्हिजन नंबर वाचला. नाव तेच आणि रिव्हिजन वेगळी असेल तर बायोसची फाईलही वेगळी असू शकते. चालू बायोसची आवृत्ती विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये दिसते, ती वहीत लिहिली. कंपनीच्या साइटवर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे किमान कोणती आवृत्ती लागेल ते दिलेलं असतं. तिथे ५६००जी शोधला. आणि २२००जी अजून त्या यादीत आहे का, हेही बघितलं. नव्याला घेताना जुन्याचं नाव कटलं नाही ना, ही खात्री हवी होती, कारण काही अडलं तर परत त्यालाच बसवायचं होतं. मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते का, तेही तिथल्या सूचनांत वाचलं. मुलगी वाचत होती, मी खूण करत होतो.

फाईल फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर घेतली. अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. डिस्कला बिटलॉकर लागलेलं नाही ना, ते तपासलं. लागलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हातात हवी, नाहीतर कॉम्प्युटर सुरू होऊनही डिस्क उघडत नाही. सगळ्या फाईली दोन ठिकाणी उतरवल्या. मग यूपीएसची परीक्षा घेतली. नुसता कॉम्प्युटर लावून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि घड्याळ लावलं. बारा मिनिटं चालला. अपडेटला चार-पाच लागतात.

बॅटरी परत भरून घेतली आणि रविवारी अकरा वाजता बसलो, तर वीजच गेली. अर्ध्या तासानं आली. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांबू. आमच्याकडे गेलेली वीज आल्यावर एकदा परत जाऊन येते, हे इथल्या प्रत्येक पिठाच्या गिरणीवाल्याला ठाऊक आहे. ती गेली आणि आली. मग आणखी तासभर चहा घेत बसलो.

साडेबाराला डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये शिरलो, पेनड्राइव्हवरची फाईल निवडली. आधी फाईल तपासली गेली, मग पुसणं, मग लिहिणं, मग लिहिलेलं परत पडताळणं. आकडा वाढत होता आणि खोलीत कुणी बोलत नव्हतं. शंभर झाले, कॉम्प्युटर बंद होऊन सुरू झाला, आणि पडदा काळा. याच वेळी लोक घाबरून बटण दाबतात. दाबायचं नसतं. मेमरी नव्यानं ओळखायला त्याला वेळ लागतो, मध्ये एक-दोनदा तो आपणहून बंद-चालूही होतो. मी हात मागे घेऊन बसलो. दीड मिनिटानं कंपनीचं चिन्ह उमटलं आणि आवृत्तीच्या जागी नवा आकडा होता.

मग जुन्याला काढलं. थंड अवस्थेत कूलर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून, बंद करून, वायर काढून, कूलर आधी हलकेच फिरवला आणि मग उचलला. ५६००जी बसवला. पडद्यावर सूचना आली की नवा प्रोसेसर दिसतोय, सुरक्षा चिपचा जुना मजकूर पुसू का, वाय की एन? बिटलॉकर नव्हतं, वाय दाबलं. सोमवारी त्यावर विंडोज ११ टाकली.

या कामातून मला आठवले ते आमचे मोठे बाबू. शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर जुनं, उर्दूत, शिकस्ता वळणाचं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जन्मतारखेचा दाखला मागायला माणसं येतात. त्यावर कुणाची पेन्शन, कुणाच्या नातवाचं जातीचं प्रमाणपत्र अडलेलं असतं. ते अक्षर भराभर वाचणारे एकटे मोठे बाबूच होते. ते रिटायर होण्याआधी दोन महिने हेडमास्तर साहेबांनी मला रोज एक तास त्यांच्याशेजारी बसवलं. कोणता शिक्षक सातच्या आकड्याला कसं वळण द्यायचा, कोणत्या वर्षी पानं शाईनं भिजली, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्यांना ठाऊक होतं. बऱ्याच कचेऱ्यांत जुना माणूस जातो, खुर्ची सहा महिने रिकामी राहते, आणि मग नवा येतो. त्याच्या हुशारीत काही कमी नसतं, पण त्याची ओळख करून द्यायला कुणी उरलेलं नसतं. मग पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो.

बायोसची आवृत्ती, तारीख आणि सेटिंगचे फोटो आता ऑफिसच्या फाईलला लावले आहेत. नववीतल्या मुलीनं सगळे टप्पे उर्दूत आणि मराठीत लिहून काढले, तेही तिथेच आहेत. जुना २२००जी पिना वर करून, फोममध्ये गुंडाळून, डबीत घालून कपाटात ठेवला आहे. विकला तर फार पैसे येणार नाहीत. पण आसपासच्या एखाद्या शाळेत एएम४ चा जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर एकमेकांना ओळखत नसतील, तर आधी त्या बोर्डाच्या यादीत २२००जीचं नाव बघा आणि मला कळवा. घेऊन जा, अपडेट करा, आणि तेवढा परत आणून द्या.