पद्मिनीचा फ्यूज

विज्ञानाच्या तासाला तुम्ही विद्युत परिपथाची आकृती नक्कीच काढली असेल. एक घट, एक कळ, एक दिवा आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. ही आकृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आहे आणि ज्या मुलाची रेषा वाकडी येते त्याला ती पुसायला लावत आलो आहे. पण खरी तार कुठून कुठे जाते, वाटेत कशाला घासते, हे मला कळले ते आमच्या घरच्या जुन्या मोटारीमुळे. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो. तिच्यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे घर पुरुषोत्तमनगरला आहे. शहादा तालुक्यात साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. अब्बांनी १९९६ साली एका डॉक्टरांकडून प्रीमियर पद्मिनी घेतली. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. गाडीची पहिली नोंदणी जानेवारी १९८९ ची, म्हणजे गाडी माझ्याच वयाची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. इटलीच्या फियाट कंपनीची ही मूळची गाडी. म्हणून आमच्याकडे अजूनही लोक तिला 'फियाट'च म्हणतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही जुन्या चित्रपटांत पाहिली असेल, तीच ही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ती बातमी अब्बांनी वर्तमानपत्रातून कापून कपाटाच्या दाराला चिकटवली. "आपली अजून चालते," एवढेच ते म्हणाले.

पण चालवायची तर कागद हवेत. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. आमची तपासणी जानेवारी २०२४ मध्ये होती. डिसेंबरमध्ये अब्बा आणि मी नंदुरबारला गेलो. येताना लाल मिरचीची एक मोठी गोणी डिकीत टाकली. नंदुरबारला जाऊन मिरची न घेता परत येणे आमच्या अम्मीला मान्य नसते.

परतताना अंधार पडला. तापीवरचा पूल ओलांडून आम्ही प्रकाशा गावाच्या पुढे आलो आणि एका खड्ड्यात चाक आदळले. त्याबरोबर स्पीडच्या काट्यामागचा मंद उजेड विझला. पुढचे मोठे दिवे चालू होते, म्हणून मी तसाच निघालो. एवढ्यात मागून एक उसाचा ट्रक कर्कश हॉर्न वाजवीत अगदी अंगावर आला आणि शेवटच्या क्षणी बाजूने निघून गेला. मी गाडी कडेला घेतली. उतरून पाहतो तर मागचे दोन्ही लाल दिवे बंद. गावाचे नाव प्रकाशा आणि आमची गाडी अंधारात! अब्बा हसले नाहीत. त्यांनी फक्त मागे हात लावून पाहिले, ट्रक किती जवळून गेला असेल ते.

फ्यूज उडाला होता. या गाडीचा फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक दांडी आणि तिच्यावर धातूची बारीक पट्टी. जास्त प्रवाह वाहिला की पट्टी वितळते आणि परिपथ तुटतो. पुस्तकात म्हणूनच त्याला वितळतार म्हणतात. जवळ एक जादा फ्यूज होता, तो लावला. दिवे लागले. शहाद्याजवळच्या गतिरोधकावर तोही गेला. आता मात्र मी जे केले ते तुम्ही कधीही करू नका. खिशात चॉकलेटची चांदीची पन्नी होती, ती मी उडालेल्या फ्यूजला गुंडाळली. दिवे पुन्हा लागले. विज्ञानाचा शिक्षक असल्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला.

तो अभिमान घराच्या फाटकापर्यंत टिकला. फाटकापाशी गाडी उंचवट्यावर आदळली आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. स्टिअरिंगखालून धूर निघू लागला. अब्बा साठी ओलांडलेले, पण त्यांनी काय चपळाई केली! गाडी बंद करायला लावली, बॉनेट उघडले आणि बॅटरीची तार हिसकून काढली. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला असते आणि मागेच मिरचीची गोणी होती. अम्मी दारात उभी होती. "ही गाडी उद्या भंगारात द्या," ती म्हणाली. अब्बा काही बोलले नाहीत.

बोललो मी. माझा धाकटा भाऊ छोटू. नाव छोटू, पण वय बावीस. त्याने महिन्यापूर्वी मागच्या काचेखाली दोन स्पीकर बसवले होते. त्यांच्या तारा मागपर्यंत गेल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "यानेच वायरी कापून ठेवल्या. गाणी ऐकायच्या नादात आज अब्बांचा जीव गेला असता." छोटूने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर स्पीकर काढून खाटेखाली ठेवलेले. त्या दिवसापासून तो दस्तरख्वानावर माझ्यासमोर बसेना. मी जेवून उठलो की तो यायचा.

स्पीकर निघाले, दोष मात्र राहिलाच असणार. तो कुठे आहे हे कसे कळावे? मी शहाद्याच्या एका इलेक्ट्रिक मिस्तरींकडे गेलो. ते वयाने मोठे, खानदेशी माणूस. सगळे ऐकून म्हणाले, "सर, तार कोठे तरी बॉडीले लागेल शे." ही अहिराणी झाली; म्हणजे तार कुठे तरी गाडीच्या पत्र्याला टेकली आहे.

या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबू या. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक जायची, एक यायची. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच तार असते. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते आणि परतीची वाट म्हणजे गाडीचे सगळे लोखंडी अंग. मागच्या दिव्याकडे निघालेला प्रवाह दिव्यातून जातो, पत्र्यात उतरतो आणि बॅटरीकडे परततो. पण वाटेत तारेचे आवरण फाटले आणि आतले तांबे पत्र्याला लागले, तर प्रवाहाला दिव्यापर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. तो तिथूनच परत फिरतो. हेच लघुपरिपथन, म्हणजे शॉर्ट सर्किट.

आता आकडे पाहा. बॅटरी १२ व्होल्टची. २१ वॉटचा दिवा लावला तर पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहतो, कारण दिव्याच्या तारेचा रोध जवळजवळ ७ ओहम असतो. रोध म्हणजे तुमच्या उर्दू पुस्तकातली 'मुजाहमत'. दिवा वगळला आणि वाटेत समजा ०.१ ओहमच रोध उरला, तर ओहमच्या नियमाने प्रवाह १२० अँपिअर होतो. आमचा फ्यूज ८ अँपिअरचा. तो बिचारा स्वतः जळून तार वाचवीत होता आणि मी त्याच्या जागी पन्नी गुंडाळली होती.

मिस्तरींनी मला २१ वॉटचा एक जुना दिवा दिला, त्याला दोन तारा जोडलेल्या. "फ्यूजच्या जागी हा लावा. मागचे-पुढचे छोटे दिवे सगळे काढा, मग बटण दाबा. हा पेटला तर शॉर्ट आहे. हा प्रवाहाला अडवून धरतो, त्यामुळे काही जळणार नाही. मग तारा हलवत जा. जिथे हात लावल्यावर हा विझेल, तिथे चोर आहे." पैसे विचारले तर म्हणाले, दिवा परत आणून द्या.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. आधी स्टिअरिंगखालची भाजलेली तार बदलली. मग सगळे छोटे दिवे काढले, फ्यूजच्या जागी मिस्तरींचा दिवा लावला, बटण दाबले. दिवा काळाच. तारा ओढल्या, हलवल्या, मागची सीट काढून खालून हात फिरवला. दिवा लागत नाही. स्पीकरच्या तारा जिथून गेल्या होत्या तो भाग मी मुद्दाम दोनदा तपासला. तिथे छोटूने प्रत्येक भोकात रबराची कडी बसवलेली होती आणि प्रत्येक जोडावर टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती. एवढे नीट काम मी स्वतः केले नसते. ते पाहूनही मी त्याला हाक मारली नाही. मोठ्या भावाची जीभ अशा वेळी फार जड होते.

दुपार झाली. जो दोष दिसतच नाही तो दुरुस्त कसा करणार? असाच नवा फ्यूज लावून तपासणीला न्यावे, असेही मनात आले. पण मग तो ट्रक आठवला.

छोटू ओसरीवर बसून हे सगळे बघत होता. बऱ्याच वेळाने तो तिथूनच म्हणाला, "भाईजान, त्या दिवशी डिकीत मिरची होती."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. खरेच, नंदुरबारला जाताना गाडी रिकामी होती आणि फ्यूज शाबूत होता. येताना ओझे होते आणि फ्यूज दोनदा गेला. मी सकाळपासून रिकामी गाडी तपासत होतो!

आम्ही दोघांनी गोणी उचलून आणली. उचलताना दोघांनाही शिंका आल्या, त्यामुळे बोलण्याची अडचण थोडी कमी झाली. गोणी डिकीत डाव्या कडेला टेकवली आणि समोर मिस्तरींचा दिवा लख्ख पेटला. गोणी ओढली की विझला. पुन्हा टेकवली, पुन्हा पेटला.

डिकीच्या डाव्या बाजूला एक लाकडी फळी होती. सामान पत्र्यावर आदळू नये म्हणून बसवलेली. छोटूने तिचे स्क्रू काढले. चौथा स्क्रू इतरांपेक्षा लांब होता. मागच्या दिव्याच्या भोकातून आम्ही तारांची जुडी ओढून बाहेर घेतली. तिच्यातल्या एका तारेच्या आवरणावर तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती आणि आत तांबे चमकत होते. गोणीचे वजन फळीवर पडले की पत्रा किंचित आत दबत होता आणि स्क्रूचे टोक नेमके त्या चिरेत शिरत होते. स्क्रू पत्र्यात, टोक तारेत. वजन हटले की पत्रा मागे येई आणि सगळे निर्दोष दिसे.

फळी मी बसवली होती. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नेताना कागद मळतात म्हणून, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या हातांनी. तीन स्क्रू मापाचे मिळाले होते, चौथा डब्यात सापडला तो ठोकून दिला होता.

छोटूला हे माहीत होते. फळी धरायला मीच त्याला उभे केले होते. तरी तो काही बोलला नाही. स्क्रू माझ्या हातावर ठेवून टेप आणायला घरात गेला. तो परत आला तेव्हा मी म्हणालो, "चूक माझी होती. त्या रात्री सगळ्यांसमोर बोललो, आता सगळ्यांसमोर सांगतो." मग अब्बा आणि अम्मीला हाक मारून अंगणात सांगितले. अम्मी म्हणाली, "आधी ती मिरची घरात घ्या, उन्हात रंग जातो."

तारेचा खराब तुकडा कापून आम्ही नवा जोडला, त्यावर रबराची नळी चढवली आणि फळीला आखूड स्क्रू लावले. फ्यूजच्या जागी ८ अँपिअरचा खरा फ्यूज बसवला. मग खात्रीसाठी छोटू स्वतः डिकीत डाव्या कडेला टेकून बसला आणि मी वसाहतीत एक फेरी मारली. अब्बा मागून सायकलवर येत होते, लाल दिव्यांकडे बघत.

जानेवारीत गाडी तपासणीत पास झाली. परतताना मिस्तरींचा दिवा परत केला. स्पीकर पुन्हा बसले आहेत आणि त्यांचा आवाज मला अजूनही जास्तच वाटतो.