व्हिडिओ गेम घेताना काय बघाल?



मी चौथीत असताना आमच्या एरंडोलच्या घरी पहिला व्हिडिओ गेम आला. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावहून आणला. सोबतच्या कॅसेटवर छापलेलं होतं, '९९९९ इन १'. संध्याकाळपर्यंत कळलं, गेम दहा-बाराच. तेच पुन्हा पुन्हा येतात. यंत्रही नक्कलच होतं. मूळ यंत्र निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेलं.

पण त्या दहा-बारांनीही खूप शिकवलं. मारिओत एकाचा डाव गेला की दुसऱ्याची पाळी. कॉन्ट्रात मात्र मी आणि धाकटा भाऊ एकाच वेळी खेळायचो. त्यात धबधबा चढताना एकजण भरभर वर गेला, की स्क्रीन वर सरकते आणि मागे राहिलेला मरतो. भाऊ रडायचा, "ताई, थांब ना!" हळूहळू मी थांबायला शिकले. आज वर्गात हुशार मुलं पुढे पळतात आणि कोणीतरी मागे राहतं, तेव्हा मला तो धबधबा आठवतो.

आता माझा मुलगा प्लेस्टेशन मागतोय. घ्यायचं ठरलंय. तुम्हीही घेणार असाल, तर किती गेम मिळतात ते मोजू नका. खोक्यावर ३, ७, १२, १६, १८ असा वयाचा आकडा असतो, तो आधी बघा. एकाच टीव्हीसमोर दोघांना खेळता येतं का, ते विचारा.

आणि कंट्रोलर दोन घ्या. दुसरा कधीतरी तुमच्या हातात असू द्या.