पाण्याला पाच शब्द, पुस्तकात एकच : चांदा-गडचिरोलीच्या वर्गखोल्यांतील चिडवाचिडवीचा इतिहास

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्यातून रोज हजारो माणसे ये-जा करतात. हा दरवाजा ज्या परकोटाचा भाग आहे, तो परकोट गोंड राजांनी उभारला. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये चांद्याचे राज्य घेईपर्यंत या शहरावर गोंड घराण्याची सत्ता होती. आणि याच शहरातल्या शाळेत, जंगलपट्टीतून शिकायला आलेल्या गोंड मुलाला 'जंगली' म्हणून चिडवणारे वर्गमित्र त्याच दरवाज्यातून घरी जात. ज्यांच्या पूर्वजांनी गावाला तट बांधला त्यांना गावंढळ ठरवण्याचा हा खेळ कसा सुरू झाला, हे समजून घेण्यासाठी हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

आधी साधनांविषयी. या जिल्ह्याबद्दल कागद कमी नाहीत. लुसी स्मिथचा १८६९चा जमाबंदी अहवाल आहे, १९०९चे चांदा जिल्हा गॅझेटियर आहे, पुढे जनगणनेची पुस्तके आहेत. जंगल किती, सागवान किती, सारा किती, शाळा किती, हे सारे त्यांत सापडते. मधल्या सुट्टीत कोण कोणाला काय म्हणाले, हे मात्र कोणत्याही सरकारी कागदात नसते. तो इतिहास आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांच्या बोलण्यात आहे, आणि तो सांगतानाही ती माणसे हसून विषय बदलतात. लहानपणीचा अपमान सांगणे वाटते तितके सोपे नसते.

आता एक वर्ग डोळ्यांसमोर आणावा. वर्ष साधारण १९८५. गडचिरोली जिल्हा नुकताच, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरपासून वेगळा झाला आहे. गुरुजी फळ्यावर 'पाणी' लिहितात. वर्गात एका मुलाच्या घरी पाण्याला 'येर' म्हणतात, कारण घरची भाषा गोंडी. दुसऱ्याच्या घरी 'जोल', कारण आईवडील पूर्व बंगालातून आलेले. सिरोंच्याकडून आलेल्या तिसऱ्याच्या घरी 'नीळ्ळु', कारण तिथली बोलण्याची भाषा तेलुगू. चौथ्याची घरची भाषा मराठीच आहे, पण ती झाडीबोली; झाडीबोलीत 'ण' नाही, म्हणून त्याच्या तोंडी 'पानी'. पुस्तकातले 'पाणी' त्या वर्गात कोणाच्याच घरचे नाही. ते गुरुजींचे आहे, आणि गुरुजींचीही बदली बहुधा बाहेरून झालेली असते.

हा वर्ग कल्पनेतला असला तरी भाषांची ही सरमिसळ कल्पनेतली नाही. कोरची-कुरखेड्याकडे तिच्यात छत्तीसगढीही मिसळते. आणि इथूनच सारी उतरंड सुरू होते. झाडीबोलीच्या मुलाच्या 'पानी'ला गुरुजी हसतात. तो मुलगा बंगाली मुलाच्या मराठीला हसतो. मग हे दोघे मिळून माडिया मुलाला हसतात, कारण तो काहीच बोलत नाही. तो काहीच बोलत नाही, कारण पहिल्या वर्षी त्याला लघवीला जाण्याची परवानगी कोणत्या शब्दांत मागायची हेच ठाऊक नसते. गप्प बसणाऱ्या मुलाला 'मठ्ठ' म्हणणे ही जगातल्या सर्व शाळांची जुनी सवय आहे. या जिल्ह्यात त्या सवयीला जात, जमात आणि भाषा चिकटली.

माडिया गोंड ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कातकरी आणि कोलाम या अन्य दोन. भामरागड, एटापल्ली या भागातली ही वस्ती. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरचे भामरागड पावसाळ्यात पुराने वेढले जाते आणि काही दिवस अक्षरशः बेट होऊन बसते. अशा मुलखात शाळा पोचवायची म्हणजे मुलांनाच शाळेपाशी आणून ठेवायचे, या विचाराने महाराष्ट्र सरकारने १९७२-७३ पासून निवासी आश्रमशाळांचे जाळे विणायला घेतले. हेतू वाईट नव्हता, आणि या शाळांतून शिकून पुढे आलेली माणसे आज जिल्ह्यात सर्वत्र दिसतात. पण सहा-सात वर्षांचे मूल एका दिवसात गाव, आई आणि भाषा या तिन्हींपासून तुटते, याची नोंद त्या योजनेत कुठे नव्हती. गोंडांच्या कुळांत चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गट असतात. कोणाशी सोयरीक होते आणि कोण भाऊबंद, हे मुलाला त्यावरून कळते. शाळेच्या हजेरीपटावर ही ओळख शून्य ठरते, आणि पटावरचे नावसुद्धा पुष्कळदा मास्तरांच्या जिभेला सोयीचे होऊन बसते.

याला पर्याय नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. वर्धा-प्राणहितेच्या पलीकडे, निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, मारलवाई या गोंड खेड्यात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले. गोंड तरुणांनाच शिक्षक करायचे आणि पहिले धडे गोंडीत, नागरी लिपीत द्यायचे, अशी ती योजना होती. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तेव्हा आदिलाबादमध्येच होता. १९५६ मध्ये तो नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. म्हणजे 'मुलांना त्यांच्या भाषेत शिकवता येत नाही' असे इथे म्हटले जात होते, तेव्हा शेजारच्या घरात ते करून पाहून झाले होते. भाषावार प्रांतरचनेने तेलुगूला राज्य दिले, मराठीला दिले. गोंडी दोन्हींच्या सीमेवर उभी होती. तिच्या वाट्याला ना राज्य आले, ना पाठ्यपुस्तक. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे सुमारे तीस लाख लोक आहेत, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही.

आता 'जोल' म्हणणाऱ्या मुलाकडे वळू. त्याची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याबद्दल उर्वरित महाराष्ट्राला फार कमी माहिती आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस नाहीसा झाला. तो काही दिवसांत परत मिळाला, पण त्या बातमीने जानेवारी १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात, खुलना आणि जेसोरपासून ढाक्यापर्यंत, हिंदूंविरुद्ध दंगली पेटल्या. लाखो लोक सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालने 'आता जागा नाही' म्हटले. मग आगगाड्या भरभरून लोक रायपूरजवळच्या माना छावणीत आणले गेले आणि तिथून मध्य भारताच्या जंगलांत वाटले गेले. १९५८ मध्ये सुरू झालेला दंडकारण्य प्रकल्प मुख्यतः बस्तर आणि कोरापुटसाठी होता. पण साठच्या दशकात चांदा जिल्ह्यातही, आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, निर्वासितांची गावे वसवण्यात आली. विवेकानंदपूर, सुंदरनगर ही नावे नकाशावर पाहिली की आजूबाजूच्या गोंडी नावांत ती उठून दिसतात. श्रीनगरात घडलेल्या घटनेचा धक्का खुलन्याला बसला, आणि त्याचे पडसाद मुलचेऱ्याच्या सागवानात उमटले. इतिहास असा आडवा-तिडवा चालतो.

हे बहुतेक लोक नमःशूद्र होते, म्हणजे बंगालमधले दलित. एकोणिसाव्या शतकात सरकारी कागदांत त्यांना 'चांडाळ' लिहीत. दीर्घ लढ्यानंतर १९११च्या जनगणनेत ते नाव गेले. हरिचंद आणि गुरुचंद ठाकूर यांचा मतुआ पंथ याच समाजातला, आणि गुरुचंदांचा सर्वांत मोठा आग्रह शाळेचा. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल यांच्यासारख्या नमःशूद्र नेत्यांच्या पाठबळावर. त्याच समाजाची मुले वीस वर्षांनी बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात आली, तेव्हा काय झाले? अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि महाराष्ट्राच्या यादीत नमःशूद्र नाहीत. पश्चिम बंगालमध्ये जी जात अनुसूचित, ती इथे खुल्या वर्गात गेली. शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. जातीचा दाखला मिळावा ही या वसाहतींची मागणी तेव्हापासूनची आहे.

वर्गात त्यांना म्हणत 'बांगलादेशी'. ही शिवी तारखेलाच खोटी आहे. बांगलादेश जन्मला १९७१ मध्ये. यांतली पुष्कळ कुटुंबे त्याआधीच मुलचेऱ्यात भात पेरत होती. सरकारने स्वतः आणून, स्वतः जमीन देऊन वसवलेल्या माणसांना घुसखोर ठरवायला एवढे एक विशेषण पुरे होते. त्याच्या जोडीला 'मच्छीखाऊ' वगैरे आहेच. विनोद असा, की चिडवणाऱ्याच्या घरीही नदीचे, बोडीचे मासे तितक्याच आवडीने शिजत.

गोंड आणि बंगाली मुलांमधले वैर मात्र केवळ भाषेचे नव्हते. त्याच्या मुळाशी जमीन होती. निर्वासितांसाठी जे जंगल तोडले गेले, ते कोणाच्या तरी गुरांचे, मोहाचे, तेंदूपानांचे जंगल होते. पट्टा एकाला कागदावर मिळाला. दुसऱ्याची वहिवाट कोणत्याच कागदावर नव्हती. घरी वडील बांधावरून बोलत, मुले तेच शब्द दप्तरात घालून शाळेत आणत. दोन्ही बाजूंची मुले खरे तर एकाच सरकारी निर्णयाची मुले होती. एकाला तो निर्णय विचारून झाला नव्हता, दुसऱ्यालाही नव्हता. पण आठ वर्षांच्या मुलाला निर्णय दिसत नाही, समोरच्या बाकावरचा मुलगा दिसतो. १९८० नंतर नक्षलवादी चळवळ या भागात आली, तेव्हा चिडवण्याच्या शब्दांत आणखी एका शब्दाची भर पडली, आणि तो शब्द मुलांच्या तोंडीही धोकादायक होता.

मरिचझापीचा उल्लेख इथे केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७८ मध्ये दंडकारण्यातल्या छावण्यांतून हजारो नमःशूद्र निर्वासित सुंदरबनातल्या या बेटावर जाऊन राहिले. त्यांनी तिथे स्वतःच्या हातांनी वसाहत उभी केली, आणि त्यात शाळाही होती. जानेवारी १९७९ मध्ये राज्य सरकारने बेटाची नाकेबंदी केली. मे महिन्यात लोकांना हुसकावून लावले. मृतांच्या संख्येवर आजही वाद आहे. वाचलेल्यांना पुन्हा मध्य भारताकडे धाडण्यात आले. बंगालने 'आमचे नाही' म्हटले, ही बातमी दंडकारण्यातल्या प्रत्येक बंगाली वसाहतीत पोचली असणार. 'तुमच्या गावाला परत जा' असे वर्गात ऐकणाऱ्या मुलाला तोवर कळून चुकले होते, की परत जायला गाव नाही.

राज्यघटनेत यावर तरतूद होती. १९५६च्या सातव्या दुरुस्तीने आलेले कलम ३५० अ म्हणते, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ तेच सांगते, 'शक्य तेथवर' अशी पुस्ती जोडून. कलम १७ मुलाच्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घालते. कलम १८ सांगते, की मान्यतेशिवाय शाळा चालवता येणार नाही. चालवल्यास एक लाखापर्यंत दंड, आणि नंतर दिवसाला दहा हजार.

यांतले कोणते कलम गडचिरोलीत आधी धावून आले? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. नाव, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. गावाने धान्य दिले, जागा दिली, शिक्षक शोधले. तिथली मुले गोंडीतून शिकतात, आणि मराठी-इंग्रजीही शिकतात. २०२२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची नोटीस आली : शाळा अनधिकृत आहे, बंद करा, नाहीतर दंड भरा. ग्रामसभेने शाळा बंद केली नाही. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली.