तीनशे मिलिलिटर नदी

कॉलेजात पाण्यातला ऑक्सिजन मोजायची बीओडीची बाटली पहिल्यांदा हातात आली, तेव्हा मला ती फार देखणी वाटली होती. ३०० मिलिलिटरची, जाड काचेची, घासून बसवलेल्या बुचाची. बुचाचं टोक निमुळतं असतं. ते आत शिरताना थोडं पाणी बाहेर सारतं आणि हवेला जागाच ठेवत नाही. एक बुडबुडा राहिला तरी त्यातला ऑक्सिजन पाण्याच्या खात्यावर जमा होतो आणि नदी आहे त्याहून बरी दिसते.

नोकरी लागली आणि ही बाटली पंचगंगेच्या काठावर आली. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. मधे कोल्हापूर लागतं, इचलकरंजी लागते, आणि दोन्ही तीरांना ऊस.

नमुना घेतला की ऑक्सिजन काठावरच फिक्स करायचा. बाटलीत मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, बूच लावून बाटली खालीवर करायची. हंगेरीच्या विंकलरने १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत, थोड्या सुधारणेसह आजही चालते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. गाळात पाय रोवून त्या रंगाकडे पाहताना माझा जीव अजूनही वरखाली होतो. पुढचं टायट्रेशन प्रयोगशाळेत, पण उत्तर बरंचसं काठावरच कळलेलं असतं.

डोळ्यांना दिसणाऱ्या नदीवरचा माझा विश्वास या बाटलीने काढून घेतला. जुलैत पंचगंगा तांबडीलाल होऊन पात्राबाहेर येते. बघणारे म्हणतात, काय घाण पाणी! पण खळखळत, आपटत आलेल्या त्या गढूळ पाण्याचा साका कितीदा तरी छान गडद धरलेला मी पाहिलाय. उलट एप्रिलात बंधाऱ्याला पाणी अडवणारे बर्गे घातलेले असतात, पाणी संथ आणि वरवर नितळ. तापलेल्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, ३० अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू तेवढाही संपवत आणतात. अंघोळीच्या पाण्याला किमान ५ मिलिग्रॅम हवा. त्या नितळ पाण्यात लोक अंघोळीला उतरलेले दिसले की पोटात कालवतं.

जिवाणूंची ही भूक म्हणजेच बीओडी. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या घ्यायच्या. एक आज मोजायची, दुसरी २७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये अंधारात तीन दिवस ठेवायची, आणि मग फरक काढायचा. या तीन दिवसांनी आमच्या घराचं कॅलेंडर आखलं. गुरुवारी नमुना लावला की रविवारी प्रयोगशाळा आलीच. मुलीचं गॅदरिंग असो की सासरचं हळदीकुंकू, सासूबाई आधी विचारायच्या, ‘बाटल्या कधी उघडायच्या आहेत?’

पण मला सगळ्यात मोठं शिकवलं ते बंधाऱ्याजवळ जाळं टाकणाऱ्या एका मामांनी. दुपारी बाटली भरताना मला बघून ते म्हणाले, ‘मॅडम, दुपारी काय घावनार तुमास्नी? मासं रातच्याला गुदमारत्यात. उजडायच्या आत या.’

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी दोनला तेच पाणी धडधाकट दिसतं. रात्री उजेड नसतो, पण शेवाळाचा आणि जिवाणूंचा श्वास चालूच राहतो. पहाटेपर्यंत साठा तळाला जातो. मी वरिष्ठांना विनंती करून उजाडण्यापूर्वी गेले. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते. बाटलीतला साका जवळजवळ पांढरा होता.

आता हातात ऑक्सिजनचा मीटर आलाय. पाण्यात सोडला की क्षणात आकडा दाखवतो आणि मला तो मनापासून हवासा वाटतो, कारण तो रात्रभर तिथे ठेवता येतो. बाटली मात्र मी सोडलेली नाही. मीटरबद्दल शंका आली की पडताळा विंकलरचाच.

नव्या मुलामुलींना काठावर नेते, तेव्हा फॉर्मवरचा वेळेचा रकाना सगळ्यांत आधी भरायला लावते. पहाटेचे साडेपाच की दुपारचे दोन, हे त्या कागदावर नसेल, तर त्याखाली मी सही करत नाही.