पन्नास हर्ट्झ, वीस मिलीसेकंद

पौडजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. सेकंदात किती आवर्तनं ती वारंवारता, एका आवर्तनाला किती वेळ तो दोलनकाल, १ ला एकानं भागलं की दुसरं मिळतं, इतकं मुलांना तोंडपाठ असतं. गाडी अडते ती एककांपाशी. २ किलोहर्ट्झचा दोलनकाल कितीतरी वह्यांत ०.५ किलोसेकंद निघतो. म्हणजे आठ मिनिटांहून जास्त!

म्हणून आधी दोरा. मीटरभर दोऱ्याला दगड बांधून चौकटीला टांगायचा. दहा झोक्यांना साधारण २० सेकंद लागतात. एका झोक्याला २ सेकंद, म्हणजे ०.५ हर्ट्झ. सेकंदात अर्धाच झोका होतो, हे मुलं डोळ्यांनी बघतात. दोरा पाव मीटर केला की दोन्ही आकडे १ होतात, तेव्हा वर्गात फार आनंद असतो.

मग वीज. चोकच्या जुन्या ट्यूबखाली काठी जोरात हलवली की काठ्यांची रांग दिसते. वीज ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं, त्यात ट्यूब दोनदा मंदावते. रांगेतल्या दोन काठ्यांमधलं अंतर म्हणजे १० मिलीसेकंद.

आमच्या भागातल्या मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं, १९२७ पासून तिथे वीज होते. या धरणात जमिनी गेलेल्या घरांतली मुलं माझ्यासमोर बसतात. सेनापती बापटांचा या धरणाविरुद्धचा १९२१चा सत्याग्रह त्यांना मुद्दाम सांगावा लागत नाही. विजेचा हा ५०चा आकडा त्यांना परका वाटू नये, असं मला मनापासून वाटतं. मागणी वाढली की ग्रिडवरची, म्हणजे विजेच्या जाळ्यावरची, जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते; अशा वेळी पाण्यावरचं केंद्र झटकन जोर वाढवू शकतं. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायची असते. यांचे दोलनकाल मी मुलांनाच काढायला लावते: २०.०४ आणि १९.९८ मिलीसेकंद. एक चढला की दुसरा उतरतो, हे सांगावं लागत नाही.

यानंतर रेडिओ सोपा जातो. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झला ०.००१२६ मिलीसेकंद, म्हणजे १.२६ मायक्रोसेकंद. किलोच्या उलट मिली, मेगाच्या उलट मायक्रो, गिगाच्या उलट नॅनो. एका मुलानं मोबाइलच्या २ गिगाहर्ट्झ प्रोसेसरचं विचारलं. फळ्यावर अर्धा नॅनोसेकंद आला. तेवढ्या वेळात प्रकाश १५ सेंटिमीटर जातो, असं म्हटल्यावर सगळ्यांनी कंपासमधल्या पट्ट्या बाहेर काढल्या.