पेटू नये तो दिवा

मुलांनो, वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की लगेच एखाद्याकडे बोट जातं. "बाई, त्यानंच घेतली असेल!" मी विचारते, "तू पाहिलंस?" मग सगळे गप्प. हाच 'असेल-असेल'चा खेळ मोठी माणसं जुन्या गाड्यांशी खेळतात, आणि तो भारी महाग पडतो बरं का!

आमच्या भुसावळला शेजारच्या काकांचा एक जुना पिकअप आहे. यावल-फैजपूरकडची केळी वाहून त्यांचं घर चालतं. गेल्या उन्हाळ्यात गाडी रुसली. चावी फिरवली की नुसतं 'टक्'! कुणी म्हणालं, बॅटरी गेली असेल. नवी बॅटरी आली. पुन्हा 'टक्'. कुणी म्हणालं, सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, जळाली असेल. नव्या सेल्फला पैसे कुठून आणायचे? मुलीच्या फीचे पैसे तेवढे डब्यात होते. इकडे कापलेली केळी काही थांबायची नाहीत!

तेव्हा गल्लीतले एक आजोबा आले. रेल्वेच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमधून ते निवृत्त झालेले. हातात काय, तर 12 व्होल्टचा एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. "आधी विचारू, मग विकत घेऊ," ते म्हणाले. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला.

पहिला प्रश्न बॅटरीला. हेडलाइट लख्ख लागले, सेल्फ मारतानाही मंद झाले नाहीत. बॅटरी निर्दोष! दुसरा प्रश्न सेल्फकडे जाणाऱ्या जाड वायरीला. तिथंही बल्ब झकास पेटला. मग आजोबांनी बल्बची एक वायर इंजिनाला लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि म्हणाले, "आता हा दिवा पेटता कामा नये."

का बरं? वीज नुसती जात नाही, तिला परतही यावं लागतं. गाडीत परतीचा रस्ता म्हणजे लोखंडी बॉडी. इंजिनापासून बॉडीला अर्थिंगचा जाड पट्टा असतो. तो ठीक असला, तर इंजिन आणि निगेटिव्ह जणू एकच. मग दिवा पेटेल कशाला?

काकांनी चावी फिरवली. 'टक्'! आणि दिवा पेटला!

चोर सापडला. पट्ट्याच्या नटाखाली गंज आणि तेलाचा चिखल साचला होता. पॉलिश पेपरनं घासून नट आवळला. दिवा विझलेलाच राहिला आणि इंजिन धडधडलं! फीचे पैसे डब्यातच राहिले.

एवढासा गंज एवढं करतो? 1827 साली जॉर्ज ओहमनं हा हिशोब छापून मांडला. तोही शाळेत शिकवणारा, आम्हां मास्तर-बाईंपैकीच! 100 अँपिअर करंट जाताना वाटेत ओहमचा विसावा भाग जरी अडथळा आला, तरी 12 पैकी 5 व्होल्ट तिथंच खर्ची पडतात.

काकांच्या पिकअपचा गिअर हातानं टाकायचा. पण काही गाड्यांत गिअर आपोआप पडतात. 1939 साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं असा 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला, तेव्हा त्याचं काम तेलाच्या दाबावर चाले. पुढं त्यात विजेचा कारभार आला. सेन्सर वेग सांगतो, छोटा संगणक हुकूम देतो आणि विजेवर चालणारे व्हॉल्व्ह तेलाच्या वाटा उघडतात. वाटेत अर्थिंग गंजली किंवा जोडणीत पाणी शिरलं, की हुकूम पोचत नाही. मग पुष्कळ गाड्या स्वतःला जपण्यासाठी एकाच गिअरात अडून बसतात. लोक म्हणतात, गिअरबॉक्स गेला! संगणकातला दोषाचा आकडाही कुठल्या वाटेवर गडबड आहे एवढंच सांगतो. दोष व्हॉल्व्हचा की वायरीचा, ते आपणच शोधायचं. म्हणून क्रम असा: बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, जोडण्या, वायरी, सेन्सर, आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी.

आता तुम्ही करून पाहा. घरातल्या विजेला मात्र हात लावायचा नाही! टॉर्चचा एक सेल, त्याचा छोटा बल्ब, दोन वायरी आणि एक चांगला गंजलेला खिळा घ्या. खिळा मध्ये धरून वायरी टेकवा. मग खिळा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा आणि पुन्हा टेकवा. दोन्ही वेळा बल्बनं काय उत्तर दिलं, ते वहीत लिहा. 'असेल' हा शब्द मात्र वापरायचा नाही हं!