थंडीने वेळेवर जावं

जानेवारीत सकाळी सातला दापोलीच्या बुरोंडी नाक्यावर माणसं चटकन ओळखू येत नाहीत. कानटोपी, मफलर, स्वेटर, वरून एखादी शाल, आणि चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरलेला. कोकणात कपाटातले लोकरी कपडे दरवर्षी हमखास बाहेर काढावे लागतात ते इथे. समुद्र सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर, पण दापोली सुमारे आठशे फुटांवरच्या सड्यावर वसलेली; रात्रीचा पारा कधीकधी दहा अंशांच्याही खाली जातो. मग पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत ‘दापोली गारठली’ अशी चौकट येते आणि शनिवारी पर्यटकांच्या गाड्या येतात. ‘मिनी महाबळेश्वर’ हे तिचं टोपणनाव मला मुळीच आवडत नाही. दापोलीला उसन्या नावाची गरज नाही.

ही हवा पहिल्यांदा हिशेबात धरली ती इंग्रजांनी. 1818 साली पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकण त्यांच्या ताब्यात आलं, तेव्हा पलटणीसाठी त्यांनी हा उंच, मोकळा, वारा खेळता असलेला सडा निवडला. म्हणून ती ‘कॅम्प दापोली’. छावणी उठल्यावरही पेन्शनीत निघालेले सैनिक इथे राहत आले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंबासह इथेच येऊन राहिले होते, तेव्हा भीमराव अगदी लहान होते. याच सड्यावर 1972 च्या मे महिन्यात कोकण कृषी विद्यापीठ उभं राहिलं. वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा त्यांच्या वेधशाळेतला. पर्यटक त्या आकड्यावरून स्वेटर घ्यायचा की नाही ते ठरवतो. खाली बुरोंडीत तोच आकडा वेगळ्या काळजीने वाचला जातो.

नाक्यावरून बुरोंडी दहा-बारा किलोमीटर. जांभ्याचा सडा, पिवळं पडलेलं गवत, गडग्यांच्या आतल्या कलमांच्या बागा, आणि मग उतार. शेवटच्या वळणांवर वारा बदलतो, गाडीत एकेक मफलर सुटतो. डोंगराच्या कडेला मोठ्या अर्धगोल पृथ्वीवर परशुरामाचा पुतळा उभा आहे. बाण मारून समुद्र मागे हटवला ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे गाड्या इथे थांबतातच. पुतळा नव्या काळातला. मला त्याच्यापेक्षा त्याच्या पायाशी उभं राहून दिसणारा देखावा मोलाचा वाटतो: उत्तरेला लाडघरचा किनारा, जिथे तांबड्या गोट्यांमुळे पाण्याला लालसर छटा येते आणि म्हणून तामसतीर्थ म्हणतात, दक्षिणेला कोळथऱ्याकडे गेलेली किनाऱ्याची रेघ, आणि मधे बुरोंडीचा बंदरभाग, नांगरलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी.

मी उतरलो ते घर वाडीतलं, उताराच्या पोटाशी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे खळं, मग ओटी, माजघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर आणि त्यामागे नारळी-पोफळी. थंडीत हे घर पुढच्या बाजूला राहतं. पावसाळ्यात जे माजघरात आणि पडवीत कोंडलेलं असतं ते सगळं भात झोडून झालं की खळ्यात येतं. खळं चोपून, शेणाने सारवून तयार केलेलं. त्याच्या एका अंगाला सुपारी वाळत होती, महिना-सव्वा महिना ऊन खाल्ल्याशिवाय ती सोलण्याजोगी होत नाही. दुसऱ्या अंगाला कुळथाच्या शेंगांचा ढीग यायची वाट बघत जागा मोकळी ठेवलेली.

पहाटे घराला जाग येते ती न्हाणीतून. आजी सगळ्यांच्या आधी उठून तांब्याच्या हंड्याखाली चूल पेटवतात. जळण नारळाचंच: सोडणं, वाळलेल्या झावळ्या, करवंट्या. घरात गॅस आहे, गिझरही आहे, पण तो मुंबईहून येणाऱ्यांसाठी. “त्या पाण्याला ऊब नाही हो,” आजी म्हणाल्या. विज्ञानाच्या दृष्टीने यात काही अर्थ नसेल. पण धुराचा वास लागलेलं ते पाणी अंगावर घेतल्यावर मी वाद घातला नाही. न्याहारीला मऊभात, वर मेतकूट आणि तूप. दुपारी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, किंवा बंदरावरून काही आलं तर बांगडे. भात निघालेल्या खाचरांत राहिलेल्या ओलीवर कुळीथ आणि पावटा होतो. पाणी द्यावं लागत नाही, रात्रीचं दव त्याला पुरतं. दव जास्त पडलं की पावटा खूश आणि आंबा नाराज. एकाच घरात एकाच पहाटेबद्दल दोन मतं असतात.

आंब्याचं मत इथे शेवटचं. हापूसला मोहोर यायला थंडी लागते. पाऊस सरावा, झाडाला ताण बसावा, पालवी जून व्हावी आणि मग रात्री गार होत जाव्यात. डिसेंबर सरता सरता बाग फुटते, मोहोरापासून तयार फळापर्यंत साधारण चार महिने. हे गणित जमलं तर एप्रिलात पेट्या भरतात. पण थंडी लांबली तर? घरातले काका सकाळच्या फेरीला मला बागेत घेऊन गेले आणि एका फांदीशी थांबले. त्या फांदीवर वाटाण्याएवढी फळं धरलेली होती आणि त्यांच्याच शेजारून नवा, गुलाबी-पोपटी मोहोर फुटत होता. मला ते शुभलक्षण वाटलं. काका म्हणाले, “हा आला म्हणजे ती गेली.”

याला पुनर्मोहोर म्हणतात. फळं धरल्यानंतर थंडीची लाट पुन्हा आली, की झाड दुसऱ्यांदा फुलतं. अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची फळं वाटाण्याची गोटी होण्याआधीच गळतात. नवा मोहोर तरी फळ देईल म्हणावं, तर हापूसच्या मोहोरात नर फुलंच फार, फळ धरणारी संयुक्त फुलं थोडी. कडक थंडीत नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. परागीभवन करणाऱ्या माश्याही गारठ्यात फिरत नाहीत. जी फळं उरतात ती मेअखेरीला तयार होतात, तोवर बाजार उतरलेला आणि पाऊस दाराशी. विद्यापीठाने यावर जिब्रेलिक आम्लाची फवारणी सुचवलेली आहे, मोहोर पूर्ण फुललेला असतानाच ती साधावी लागते. म्हणून या घराचा दिवस मोहोरावर बेतलेला असतो. तुडतुडा दिसला का, भुरी आली का, धुकं पडून फुलं काळी पडली का, पंपाला डिझेल आहे का, औषध मारायला माणूस आहे का. दापोलीतला तो आकडा सकाळी मोबाइलवर बघून काका गप्प होतात, ते याच्यामुळे.

हे आंब्याचं राज्य मात्र फार जुनं नाही. हापूसची कलमं पोर्तुगिजांच्या वेळेपासून कोकणात आहेत, नाव तर आफोन्सो द आल्बुकर्कवरूनच पडलं. पण बुरोंडीच्या आसपासच्या डोंगरउतारांवर कालपरवापर्यंत नाचणी आणि वरी होती. वरकस जमीन ती. आजींच्या सासुरवाशीणपणात थंडीचं मोठं काम म्हणजे डोंगरावरचं गवत कापून भारे डोक्यावरून खाली आणणं. घरातले पुरुष मुंबईत, गिरणीत. रत्नागिरीला मनीऑर्डरीचा जिल्हा म्हणत ते उगाच नव्हे. पोस्टमन ओटीवर आला की घराचा महिना सुरू व्हायचा. 1982 च्या गिरणी संपाने तो पोस्टमन बऱ्याच ओट्यांवरून नाहीसा केला. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि ज्या उतारांवर नाचणी होती तिथे खड्डे खणून कलमं लागली. काका सांगतात, तेव्हा गावातली जाणती माणसं हसली होती: नाचणी यंदा खाता येते, कलम कधी खाणार? आज त्याच बागांची राखण करायला नेपाळहून माणसं येतात. दिवाळीच्या सुमारास येतात, हंगाम संपेपर्यंत बागेतल्या खोपटात राहतात, वानरं हाकतात, फवारणी करतात. आपल्या गावी हिमालयातला हिवाळा मागे टाकून आलेला तो तरुण आमच्या कानटोप्या बघून हसत होता.

त्याच्यावरून मला आणखी एक परदेशी आठवला. बुरोंडीहून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. बहामनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी चौलला उतरून जुन्नर, बिदर करत अखेर याच दाभोळहून परत निघाला, 1470 च्या दशकाच्या सुरुवातीला. पाऊस त्याने जुन्नरला काढला आणि टिपणात त्या चार महिन्यांच्या पाणी-चिखलाला त्याने इथला हिवाळा म्हणून नोंदवलं. हसू येतं खरं. पण त्याच्या देशात हिवाळा म्हणजे दारं लावून, साठवलेलं खात, घरात बसून काढायचे महिने. त्या मापाने तो चुकला नाही. कोकणातल्या घराची बेगमी आगोटीला होते: सुकी मासळी, लाकूडफाटा, पापड, आमसुलं, तिखट-मीठ. कोंडलेपण पावसातलं. थंडी ही आमच्याकडे उघड्यावरची, कामाची आणि समुद्र मोकळा असण्याची.

समुद्र मोकळा असतो तेव्हा सगळंच येतं. 1508 च्या डिसेंबरअखेर, म्हणजे अशाच दिवसांत, पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेदा आरमार घेऊन दाभोळवर आला. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. दीवला सूड घ्यायला निघालेल्या बापाने वाटेत दाभोळ लुटलं आणि जाळलं. पुढे आदिलशाहीत शहर पुन्हा उभं राहिलं. 1659-60 मधली तिथली मशीद आजही खाडीकाठी नारळींमधून घुमट वर काढून आहे. नंतरच्या काळात मुंबईहून बोटी यायच्या, त्याही पावसाळा सोडून. हर्णै, दाभोळ करत चाकरमानी उतरायचे आणि पडावातून किनाऱ्याला लागायचे. आजींच्या तोंडी अजून ‘बोटीने आले’ असंच येतं, माणूस एसटीने आलेला असला तरी.

संध्याकाळी घर पुन्हा खळ्यात जमतं. पोफळींचं शिंपण उरकलेलं असतं. पूर्वी रहाट होता, आता पंप, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम. खळ्याच्या कडेला शेकोटी, पण ती बेताची, आणि तिच्याशेजारी पाण्याची बादली ठेवलेली. बागायतदाराच्या घरची शेकोटी अशीच असते. पाऊस जाऊन तीन महिने झालेले, सड्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं. ठिणगी उडाली तर वणवा गडगा ओलांडून कलमांत शिरतो. वीस वर्षं वाढवलेलं झाड एका दुपारी जातं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातल्या किती बागा आडव्या झाल्या ते काका सांगत होते. पण वादळावर त्यांचा तितका राग नाही. “ते वरून आलं. वणवा कोणीतरी लावतो,” एवढंच म्हणाले. बहुतेक वेळा तो लावणारा रस्त्याच्या कडेला थांबलेला असतो: सिगारेट, नाहीतर डोंगरावर मजा म्हणून पेटवलेली शेकोटी.

बुरोंडीला थंडीत जरूर जा. नाताळची गर्दी टाळा; जानेवारीच्या मध्यानंतर जा, तेव्हा बागेत मोहोराचा वास असतो आणि माणसांना बोलायला सवड असते. मोहोर तोडून फोटो काढू नका. थंडी आणखी चार दिवस राहावी असं तुम्हाला वाटलं, तर ते यजमानांसमोर बोलू नका. आणि सड्यावर कुठेही आग पेटवू नका; पेटवलीच तर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत तिथून हलू नका.